बॅक्टेरियाचं रिबॉन्डिंग

केसांतला जो बंध पार्लरमध्ये तोडून पुन्हा जोडला जातो, तोच बंध बॅक्टेरियाच्या पोटात धोक्याची घंटा वाजवतो. ही घंटा कशी वाजते, कशी थांबते आणि टीबीच्या गोळ्यांशी तिचा काय संबंध, याची ही गोष्ट.

लग्नाचा सीझन जवळ आला की पार्लरबाहेर रिबॉन्डिंगच्या ऑफरचे बोर्ड लागतात. कुरळे केस सरळ करून घ्यायला मुली (आणि हल्ली मुलंही) तीन-चार तास खुर्चीत बसायच्या तयारीने आत जातात. आधी उग्र वासाचं एक क्रीम, मग केस धुणं, मग प्रेसिंगचं मशीन आणि शेवटी न्यूट्रलायझर. बिल बघून धक्का बसतो, पण त्या नावात केमिस्ट्रीचा एक अख्खा धडा लपलेला आहे याकडे कुणाचं लक्ष जात नाही. री-बॉन्डिंग, म्हणजे बंध पुन्हा जोडणं.

आपले केस केराटिन नावाच्या प्रोटीनचे बनलेले असतात. त्यात गंधकाचे अणू असतात, आणि त्यातले दोन-दोन अणू एकमेकांचे हात धरून उभे असतात. या धरलेल्या हातांमुळे केसाचा आकार टिकतो. पार्लरमधलं पहिलं क्रीम हे हात सोडवतं. केस हवे तसे सरळ करून झाले, की न्यूट्रलायझर त्यांना नव्या जागी पुन्हा हात धरायला लावतं. या न्यूट्रलायझरमध्ये बहुतेक वेळा असतं हायड्रोजन पेरॉक्साइड. गंधकाच्या या हातमिळवणीला केमिस्ट्रीत डायसल्फाइड बंध म्हणतात.

आता हाच प्रकार एका बॅक्टेरियाच्या आत बघू. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू साधारण दोन मायक्रॉन लांब असतो. केसाच्या जाडीत असे तीसेक जिवाणू एकापुढे एक मावतील. त्याच्या आत एक प्रोटीन दोन खास गंधक घेऊन बसलेलं असतं. एरवी या दोघांचे हात सुटे. पण हायड्रोजन पेरॉक्साइडचा जरासा जरी शिरकाव झाला, की दोघं झटकन हात धरतात. तेवढ्याने जिवाणूची ठरावीक जनुकं कामाला लागतात. पार्लरमध्ये ज्याला अर्धा दिवस जातो, ते इथे अर्ध्या मिनिटाच्या आत होतं. ना मेंदू, ना नाक, ना डोळे, तरी एका पेशीच्या या जिवाला 'धोका आलाय' हे कळतं.

ते कसं कळतं, हा प्रश्न ऐकायला अगदी पुस्तकी वाटतो. पण टीबीचं औषध कसं काम करतं, ते कधी कधी का काम करत नाही आणि गोळ्या महिनोन्‌महिने का घ्याव्या लागतात, इथपर्यंत त्याचा धागा जातो.

ऑइल रिग आठवतंय?

बारावीला सायन्स घेतलेल्या प्रत्येकाने एक सूत्र घोकलेलं असतं: ऑइल रिग. ऑक्सिडेशन इज लॉस, रिडक्शन इज गेन. इलेक्ट्रॉन गमावला तर ऑक्सिडेशन, मिळवला तर रिडक्शन. एकाने गमावला की दुसऱ्याला तो मिळतोच, म्हणून या जोडीचं नाव रेडॉक्स. लोखंड गंजतं, चिरलेलं सफरचंद काळं पडतं, मोबाइलची बॅटरी चार्ज होते, सगळीकडे हाच देण्याघेण्याचा व्यवहार चालू असतो. (आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनो, एवढंच पुरे. पुढचं सगळं यावरच चालतं.)

पेशी म्हणजे या व्यवहाराची भरलेली बाजारपेठ. अन्नातून इलेक्ट्रॉन काढायचे, एकाकडून दुसऱ्याकडे सरकवायचे आणि शेवटी ऑक्सिजनच्या हवाली करायचे. या प्रवासातून ऊर्जा मिळते. आपल्यात हेच चालतं आणि ऑक्सिजनवर जगणाऱ्या बॅक्टेरियातही हेच. त्यामुळे पेशीच्या आत इलेक्ट्रॉन देऊ करणाऱ्या रेणूंची रेलचेल असते. ई. कोलायच्या आतली ही स्थिती मोजली तर ती सुमारे उणे २८० मिलिव्होल्ट भरते. आकडा विसरलात तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते एवढंच: जिथे इलेक्ट्रॉनची सुबत्ता, तिथे गंधकाचे हात सुटे राहतात.

घोळ होतो तो ऑक्सिजनमुळे. त्याच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळाले की सरळ पाणी तयार होतं. पण वाटेत एखाद-दुसराच इलेक्ट्रॉन त्याच्या हाती लागला, तर अर्धवट माल तयार होतो. एक मिळाला तर सुपरऑक्साइड, दोन मिळाले तर हायड्रोजन पेरॉक्साइड. या पेरॉक्साइडची पेशीतल्या लोहाशी गाठ पडली, की त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा माथेफिरू जन्माला येतो. तो समोर येईल त्याला, अगदी डीएनएलाही, ओरबाडत सुटतो. लोह आणि पेरॉक्साइड यांच्या या संगनमताला फेंटन रिअॅक्शन म्हणतात. हेन्री फेंटन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने ती १८९४ मध्ये मांडली होती.

हा झाला घरचाच कचरा. बाहेरून होणारा हल्ला याहून मोठा असतो. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बॅक्टेरियाला गिळतात आणि त्याच्यावर सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइडचा मारा करतात. हे अस्त्र किती महत्त्वाचं आहे ते एका दुर्मीळ आनुवंशिक आजारातून कळतं. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज असलेल्या मुलांच्या पांढऱ्या पेशींना हा मारा करताच येत नाही, आणि त्यांना पुन्हा पुन्हा गंभीर संसर्ग होत राहतात.

म्हणजे बॅक्टेरियासाठी पेरॉक्साइडची चाहूल ही जीवन-मरणाची बातमी आहे. ती वेळेत कळली पाहिजे आणि कळल्यावर लगेच काहीतरी केलं पाहिजे.

आधी थोडं विष

बॅक्टेरियाला ही बातमी कळते, याचा पुरावा एका साध्या प्रयोगातून मिळाला. अमेरिकेतल्या बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ब्रूस एम्स यांची लॅब होती. एखादं रसायन डीएनए बिघडवतं का, हे बॅक्टेरिया वापरून तपासणारी 'एम्स टेस्ट' ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे एम्स. त्यांच्या लॅबमधल्या मायकल क्रिस्टमन आणि सहकाऱ्यांनी साल्मोनेला या जिवाणूवर केलेलं काम १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं.

साल्मोनेलावर एकदम भरपूर पेरॉक्साइड टाकलं तर तो मरतो. पण आधी थोडंसं, न मारणारं पेरॉक्साइड देऊन नंतर जीवघेणा डोस दिला, तर तो तग धरतो. लस घेतल्यासारखंच वाटतं ना? मात्र इथे अँटिबॉडी वगैरे काही नाही, सगळा खेळ एका पेशीतला. या तयारीच्या काळात साल्मोनेला सुमारे ३० प्रोटीन्स वाढवतो, असं त्यांना दिसलं.

मग त्यांना काही असे जिवाणू मिळाले, जे कुठलीही पूर्वसूचना नसताना पेरॉक्साइड पचवत होते. त्या ३० पैकी नऊ प्रोटीन्स ते कायमच भरपूर बनवत होते. धोका असो वा नसो, यांची घंटा चोवीस तास वाजतेच आहे! बिघाड शोधता शोधता संशोधक एका जनुकापर्यंत पोहोचले. त्याचं नाव पडलं ऑक्सी-आर. त्याच जनुकावरून बनणारं त्याच नावाचं प्रोटीन ही नऊ जनुकं चालू करत होतं.

आता प्रश्न असा होता, की ऑक्सी-आरला पेरॉक्साइड आल्याचं सांगतं कोण? नाक्यावर कुणी वेगळा पहारेकरी उभा आहे आणि तो आत निरोप धाडतो, की आणखी काही?

पहारेकरी तोच, घंटाही तोच

याचं उत्तर १९९० मध्ये गिझेला स्टॉर्झ, लुईस टार्टाग्लिया आणि एम्स यांच्या कामातून मिळालं. त्यांनी ऑक्सी-आर पेशीबाहेर काढून शुद्ध केलं आणि टेस्ट ट्यूबमध्ये डीएनएसोबत ठेवलं. तिथे डीटीटी नावाचं रसायन घातलं, की ऑक्सी-आर गप्प बसायचं. डीटीटी काढून घेतलं, की कामाला लागायचं. डीटीटीचं काम काय, तर पार्लरमधल्या पहिल्या क्रीमचं: गंधकाचे धरलेले हात सोडवणं. टेस्ट ट्यूबमध्ये दुसरा कुणी पहारेकरी नव्हताच. म्हणजे धोका ओळखणारं आणि घंटा वाजवणारं प्रोटीन एकच होतं.

नेमके कोणते दोन गंधक हात धरतात, हे १९९८ मध्ये स्पष्ट झालं. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ऑक्सी-आरच्या माळेत ३०५ मणी आहेत. त्यातल्या १९९ क्रमांकाच्या मण्यावर एक गंधक आहे आणि २०८ क्रमांकाच्या मण्यावर दुसरा. हे दोन्ही मणी सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाचे. पेरॉक्साइड आधी १९९ वाल्या गंधकावर झडप घालतं. ऑक्सिडाइज झालेला हा गंधक मग २०८ वाल्याचा हात पकडतो.

यातली गंमत २००१ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी या प्रोटीनची त्रिमितीय रचना उलगडली तेव्हा कळली. शांत अवस्थेत हे दोन गंधक एकमेकांपासून सुमारे १७ अँगस्ट्रॉम लांब असतात. हा एक मीटरचा सुमारे ६० कोटीवा भाग. ऐकायला क्षुल्लक, पण अणूंच्या जगात हे अंतर म्हणजे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाण्यासारखं. एवढ्या लांबून हात धरायचा तर मधला सगळा भाग मुडपला जातो. अख्ख्या प्रोटीनचा आकार बदलतो. आकार बदलला, की ते डीएनएला वेगळ्या पद्धतीने पकडतं आणि जनुक वाचणाऱ्या यंत्राला, म्हणजे आरएनए पॉलिमरेजला, 'इथून वाचायला सुरुवात कर' असं बोलावून घेतं.

आता फौज बाहेर पडते. कॅट-जी या जनुकावरून कॅटलेज बनतं आणि ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. मायक्रोबायोलॉजीच्या मुलांनी स्लाइडवर पेरॉक्साइडचा थेंब टाकून बुडबुडे मोजलेत ना? कॅटलेज टेस्टमधले ते बुडबुडे याच ऑक्सिजनचे. डीपीएस नावाचं प्रोटीन मोकळं लोह गोळा करून स्वतःच्या पोटात बंद करतं आणि डीएनएभोवती कवच उभं करतं, म्हणजे फेंटनचा खेळ सुरूच होऊ नये. फर नावाचं प्रोटीन बाहेरून येणाऱ्या लोहाला लगाम घालतं. आग लागल्यावर आधी गॅसचा कॉक बंद करावा, इतकं हे शहाणपणाचं आहे.

घंटा थांबवणारा हात

माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात हुशार भाग यापुढे आहे. घंटा वाजवणं सोपं, ती थांबवायची कुणी? आपल्या सोसायटीतल्या गाड्यांचे सायरन आठवा. मांजर बॉनेटवर चढलं म्हणून वाजायला लागतो आणि मालक गावाला गेलेला असतो.

ऑक्सी-आर जी जनुकं चालू करतं, त्यातच एक असतं ग्लुटारेडॉक्सिनचं. आणि या ग्लुटारेडॉक्सिनचं काम काय? ऑक्सी-आरचे धरलेले हात सोडवणं! घंटा वाजते तेव्हाच ती थांबवणाऱ्यालाही बोलावणं जातं. पण तो आल्या आल्या घंटा बंद होत नाही, कारण पेरॉक्साइड शिल्लक असेपर्यंत हात पुन्हा पुन्हा धरले जात राहतात. कॅटलेज आणि मंडळींनी पेरॉक्साइड संपवलं, की मग सोडवणाऱ्याची सरशी होते. काही मिनिटांत सगळं शांत.

हे जमतं ते व्होल्टेजच्या हिशेबाने. ऑक्सी-आरच्या हात धरण्या-सोडण्याचा तोल उणे १८५ मिलिव्होल्टला आहे आणि पेशीची नेहमीची स्थिती उणे २८० च्या आसपास. म्हणजे नेहमीच्या दिवशी पेशीचा सगळा कल हात सोडवण्याकडेच असतो. उगाच कुणी घंटा वाजवू शकत नाही. ती वाजवायला पेरॉक्साइडच लागतं, कारण ते १९९ वाल्या गंधकावर इतक्या झपाट्याने तुटून पडतं, की सोडवणारे मागे पडतात.

थांबणं एवढं महत्त्वाचं का? कारण लढाईचा खर्च मोठा असतो. लोह बांधून ठेवलं तर रोजची कामं अडतात. प्रोटीन बनवायला ऊर्जा जाते. ई. कोलायला सोयीच्या परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन व्हायचं असतं. कायम युद्धात राहणारा या शर्यतीत मागे पडणारच.

घंटा अडकली तर?

पेरॉक्साइड हा एकच शत्रू नाही, त्यामुळे घंटाही एकच नाही. सॉक्स-आर नावाच्या प्रोटीनमध्ये लोह आणि गंधकाचा छोटा गुच्छ असतो. त्यातून एक इलेक्ट्रॉन निसटला, की घंटा वाजते. शेतकरी घरातल्या वाचकांना पॅराक्वाट हे तणनाशक नावाने माहीत असेल. पेशीत शिरून इलेक्ट्रॉन चोरणाऱ्या अशा रसायनांची खबर सॉक्स-आरला लागते. एफएनआर नावाच्या प्रोटीनमध्येही असाच, पण थोडा मोठा गुच्छ असतो. ऑक्सिजन आला, की तो गुच्छ मोडतो आणि बॅक्टेरियाला कळतं, की आता बिनहवेचा कारभार बंद करायचा. स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्या जिवाणूत रेक्स नावाचं प्रोटीन आहे. इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या एनएडीएच या रेणूची भरलेली आणि रिकामी पात्रं यांचं प्रमाण ते जोखतं. साधनं वेगळी, पण तत्त्व तेच: इलेक्ट्रॉनचा हिशेब थेट जनुकापर्यंत पोहोचवायचा.

आणि इथून हे प्रकरण आपल्या औषधांपर्यंत येतं. सॉक्स-आरच्या इशाऱ्यावर चालू होणाऱ्या जनुकांत पेशीतला नको असलेला माल बाहेर फेकणारा पंपही आहे. हा पंप अँटिबायोटिकसुद्धा बाहेर फेकतो. समजा, एखाद्या जिवाणूत सॉक्स-आर बिघडलं आणि घंटा कायमची चालूच राहिली. एरवी असा जिवाणू खर्चापायी मागे पडला असता. पण भोवती अँटिबायोटिक असेल, तर तोच टिकतो. रुग्णांमधून मिळालेल्या औषधांना दाद न देणाऱ्या काही जिवाणूंमध्ये अशी अडकलेली घंटा सापडली आहे. सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणून दोन दिवस घेण्याची जी सवय होस्टेलवर सर्रास दिसते, ती अशाच बिघडलेल्यांना मोकळं रान देते.

टीबीची तुटलेली घंटा

मग टीबीचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात टीबी झालेल्यांपैकी २६ टक्के लोक भारतातले होते. टीबीचा जिवाणू हवेतून फुप्फुसात जातो आणि तिथे जी पांढरी पेशी त्याला गिळते, तिच्याच पोटात संसार थाटतो. पेरॉक्साइडचा मारा जिथे होतो, नेमका त्याच खोलीत! म्हणजे याची ऑक्सी-आरची घंटा जबरदस्त असणार, असं कुणालाही वाटेल.

पण १९९५ मध्ये उलटंच दिसलं. टीबीच्या जिवाणूतलं ऑक्सी-आर जनुक जागोजागी तुटलेलं, निकामी आहे. घंटेची चौकट आहे, घंटा नाही. तरीही त्याच्याकडे कॅट-जी आहे, फक्त ते दुसऱ्या प्रोटीनच्या ताब्यात आहे.

याच कॅट-जीमुळे आपलं एक जुनं, स्वस्त औषध चालतं. आयसोनियाझिड टीबीवर वापरायला १९५२ मध्ये सुरुवात झाली आणि आजही ते उपचारातलं मुख्य औषध आहे. ही गोळी पोटात जाते तेव्हा निरुपद्रवी असते. जिवाणूच्या आत गेल्यावर त्याचंच कॅट-जी तिला विषात बदलतं आणि ते विष त्याची पेशीभिंत बनवण्याचं काम बंद पाडतं. शत्रूची ढालच त्याच्यावर उलटवायची, असा हा डाव. कॅट-जी गेलं की आयसोनियाझिडही निष्प्रभ होतं, हे १९९२ मध्ये सिद्ध झालं.

जिवाणूपुढे हा मोठा पेच आहे. ढाल टाकून दिली तर औषधापासून सुटका, पण पांढऱ्या पेशीच्या माऱ्यापुढे उघडं पडायचं. रुग्णांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा बदल बघितला तर जिवाणूने काढलेली पळवाट दिसते. कॅट-जीच्या ३१५ क्रमांकाच्या जागी एकच अमिनो आम्ल बदलतं. त्यामुळे पेरॉक्साइड मोडण्याचं काम बऱ्यापैकी चालू राहतं, पण औषधाचं विष बनणं जवळपास थांबतं. ढालही राहिली आणि डावही फसला. कुष्ठरोगाच्या जिवाणूचा मामला याच्या बरोब्बर उलट. त्याचं ऑक्सी-आर शाबूत आहे आणि कॅट-जी मोडलेलं. त्यामुळे आयसोनियाझिड त्याच्यावर चालत नाही.

उसनी घंटा, बंगळुरूचा हिरवा दिवा

बॅक्टेरियाची ही युक्ती माणसाने उसनीही घेतली. रशियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये ऑक्सी-आरचा तुकडा एका चमकणाऱ्या प्रोटीनमध्ये बसवला आणि त्याला नाव दिलं हायपर. पेरॉक्साइड आलं, की त्याची चमक बदलते. २००९ मध्ये हेच हायपर वापरून झेब्राफिश या इवल्या माशाच्या शेपटीला जखम झाल्यावर काय होतं ते पाहिलं गेलं. जखमेच्या कडेला पेरॉक्साइड उसळतं आणि त्याचा माग काढत पांढऱ्या पेशी तिथे पोहोचतात, हे जिवंत माशात दिसलं. ज्याला आपण नुसतं विष समजत होतो, ते आपल्या शरीरासाठी मदतीची हाकही असतं.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमित सिंग यांच्या गटाने टीबीच्या जिवाणूसाठी असाच दिवा बनवला. त्यांचं हे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनमध्ये दोन गंधक बसवलेले, आणि त्याला टीबीच्याच जिवाणूतलं एक प्रोटीन जोडलेलं. गंधकांनी हात धरले की चमक एक प्रकारची, सोडले की दुसऱ्या प्रकारची. आता पांढऱ्या पेशीच्या आत बसलेल्या जिवाणूची रेडॉक्स स्थिती मायक्रोस्कोपखाली बघता यायला लागली.

काय दिसलं? सगळे जिवाणू एकसारखे नव्हते. जनुकं तीच, पण कुणी ऑक्सिडाइज होऊन जेरीला आलेला, तर कुणी इलेक्ट्रॉनच्या सुबत्तेत निवांत. औषध दिल्यावर हे निवांत गडीच जास्त तग धरत होते. त्यांच्यात औषधाला रोखणारा जनुकीय बदल झालेला नव्हता. त्यांची त्या वेळची स्थितीच त्यांना वाचवत होती. याच गटाच्या २०१९ मधल्या कामात असं दिसलं, की पांढऱ्या पेशीतल्या ज्या कप्प्यात जिवाणू बसतो तो आम्लधर्मी झाला, की असे निवांत जिवाणू वाढतात. क्लोरोक्विन हे मलेरियाचं जुनं औषध हे आम्ल कमी करतं. टीबीच्या औषधांबरोबर ते उंदीर आणि गिनीपिगना दिलं, तेव्हा औषधांचा परिणाम वाढला. (हे प्राण्यांवरचे प्रयोग आहेत. घरी कुणी क्लोरोक्विन घ्यायला जाऊ नका.)

टीबीचा नेहमीचा उपचार सहा महिने का चालतो, याचं एक मोठं कारण इथे सापडतं. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक जिवाणू मरतात. खोकला कमी होतो, वजन वाढायला लागतं, 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळ्या सोडाव्याशा वाटतात. पण आत उरलेले असतात ते हे तग धरणारे. रिपोर्टमध्ये त्यांची गणती होत नाही आणि आपल्याला त्यांचा त्रासही जाणवत नाही. पुढचे महिने आपण गोळ्या घेतो त्या त्यांच्यासाठी. या निवांत जिवाणूंना त्यांच्या सुबत्तेतून बाहेर काढता आलं, तर हा काळ कमी करता येईल का, यावर आज काम चालू आहे.

परीक्षा, मेस, होस्टेलची दाटीवाटी, अपुरी झोप यांत आपल्या वयाच्या अनेकांना टीबी होतो आणि तो लपवला जातो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, औषधंही मोफत मिळतात. एखादा रूममेट चौथ्या महिन्यात म्हणाला, 'आता कशाला गोळ्या, मी तर ठणठणीत आहे', तर त्याला त्या निवांत जिवाणूंबद्दल सांगा. गोळी पाण्याबरोबर त्याच्या हातात द्या आणि तो ती घेईपर्यंत तिथेच बसा.